डोंगर आपला, दमट हवा त्यांची: समुद्रकाठच्या ट्रेल शर्यतीची मराठवाड्यात राहून तयारी

समुद्र मला दिसला तो शर्यतीच्या नवव्या किलोमीटरला, आणि पुढच्या तीन सेकंदांत मी जमिनीवर होतो. सोंडेवरची वाट डावीकडे वळली, करवंदाच्या जाळीमागून एकदम निळं पाणी उघडलं, मान तिकडे गेली आणि उजवा पाय जांभ्याच्या, म्हणजे तिथल्या तांबड्या कातळाच्या, भोकात. तळहात सोलला, गुडघा फुटला. मागून येणाऱ्या एक ताई न थांबता विचारून गेल्या, "पहिल्यांदाच आलात का?"

पहिल्यांदाच गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला समुद्र म्हणजे पैठणचा नाथसागर. खऱ्या समुद्राकाठच्या डोंगरात धावायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी एकच काळजी घातली: चढ झेपेल का? चढ झेपला. मारलं ते दमट हवेनं आणि उतारानं. त्यानंतर कोकण किनाऱ्यावर आणखी काही शर्यती धावलो. त्यात जे चुकलं, जे जमलं, ते इथे क्रमानं लिहितो. चढाची सोय आपल्या दाराशी आहे, त्यामुळे त्याबद्दल थोडं कमी. उतार आणि घाम यांच्याबद्दल जास्त.

शर्यत निवडताना कोणता आकडा बघायचा

नोंदणीच्या पानावर "मार्गावरचा सर्वोच्च बिंदू २८० मीटर" असं लिहिलेलं दिसलं की आपल्याला हसू येतं. म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, २८० मीटरचं काय कौतुक? इथेच फसगत होते. किनाऱ्यावरची वाट एकदा चढून वर राहत नाही. सड्यावर (माथ्यावरच्या कातळी पठारावर) चढायचं, पलीकडच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) उतरायचं, खाडी ओलांडायची, पुन्हा चढायचं. दर वेळी परत शून्यावर. त्यामुळे डोंगर ठेंगणे असले तरी २५ किलोमीटरमध्ये एकूण चढाई १२०० मीटर भरू शकते. सर्वोच्च बिंदू सोडा, एकूण चढाई बघा. नोंदणीच्या पानावर ती 'एलिव्हेशन गेन' किंवा 'डी प्लस' म्हणून लिहिलेली असते. दिलेली नसेल तर आयोजकांना विचारा. त्यांनाही सांगता आली नाही तर मी पैसे भरत नाही.

आता हिशोब. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटना, म्हणजे आयटीआरए, शर्यतीचं वजन काढायला सोपी पद्धत वापरते: दर १०० मीटर चढाईला १ किलोमीटर धरायचा आणि तो अंतरात मिळवायचा. २५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढाई म्हणजे ३७. म्हणजे '२५ के' अशी पाटी लावलेली ही शर्यत अंगाला ३७ किलोमीटरची लागणार.

दुसरा हिशोब कट-ऑफचा, म्हणजे शर्यत संपवायला दिलेल्या जास्तीत जास्त वेळेचा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ साली चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला: दर ३ मैलांना १ तास, आणि दर २००० फूट चढाईला आणखी १ तास. आपल्या मापात ढोबळ ५ किलोमीटरला तास, ६०० मीटरला तास. वरच्या शर्यतीला तो लावला तर ५ अधिक २, म्हणजे ७ तास. कट-ऑफ ८ तासांचा असेल तर भरभर चालूनही तुम्ही आत बसता. ६ तासांचा असेल तर सपाटी आणि उतार धावून काढावे लागतील. नोंदणी करण्याआधी कागदावर एवढं गणित मांडाच.

पहिली शर्यत १२ ते १५ किलोमीटरची घ्या. रस्त्यावरची हाफ मॅरेथॉन दोन-चार वेळा केली आहे म्हणून थेट २५ ला उडी मारणारे मी पाहिलेत. त्यातला एक मीच.

आपल्याकडचे डोंगर

संभाजीनगरकरांना तक्रारीला जागा नाही. गोगाबाबा टेकडी आणि लेण्यांच्या बाजूचे डोंगर घरापासून जवळ, आणि मोठ्या रविवारासाठी खुलताबादहून म्हैसमाळचा साधारण १२ किलोमीटरचा रस्ता. बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आणि कपिलधार. धाराशिवकरांना लेण्यांचा डोंगर, तुळजापूरचा घाट. अंबाजोगाईला बुट्टेनाथाची दरी. नांदेडच्या लोकांना थोडं लांब पडतं, पण माहूरच्या डोंगरांत दोन दिवस काढले तर पाय आठवण ठेवतात. हिंगोलीला औंढ्याचे डोंगर. लातूर सपाट आहे, पण उदगीरजवळ हत्तीबेट आहे. राहिली परभणी. जगात जर्मनी अन् भारतात परभणी हे खरं, पण चढाच्या बाबतीत परभणीकराला जिंतूरच्या नेमगिरीपर्यंत जावं लागतं. आठवड्यातल्या मधल्या दिवशी उड्डाणपूल आणि स्टेडियमच्या पायऱ्या.

देवगिरीच्या किल्ल्याचा मोह सगळ्यांना होतो. मीही एकदा सकाळी दरवाजा उघडताच शिरलो होतो. पर्यटकांच्या गर्दीत, गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर, अंधारीच्या त्या काळोखात धावणं हा शहाणपणा नाही. तिथे आपल्या बायकापोरांना घेऊन जा, चालत वर चढा, पोटऱ्यांना तेवढा व्यायाम पुरे. गौताळ्यासारख्या अभयारण्यात जायचं तर वनखात्याचे नियम आणि वेळा पाळा. पहाटे एकटं तिथे जाऊच नका.

आपली टेकडी एकदा घड्याळावर मोजून ठेवा. समजा पायथ्यापासून माथ्यापर्यंत ८० मीटर भरली, तर ८ फेऱ्यांत ६४० मीटर. १२०० मीटरच्या शर्यतीसाठी तयारीच्या शेवटच्या टप्प्यात एका रविवारी किमान ८०० ते ९०० मीटर चढाई पायांतून गेलेली असावी. म्हणजे याच टेकडीच्या १०-११ फेऱ्या. कंटाळा येतो, हे मान्य. आम्ही दर फेरीला एक खडा पायथ्याच्या दगडावर ठेवतो, नाहीतर सातवी की आठवी यावर वाद होतात.

सोळा आठवडे

आठवड्यातून चार दिवस पुरतात. पहिले पाच आठवडे नुसतं धावायचं, हळू, बोलता येईल इतक्या वेगानं. त्यातला एक दिवस तरी मुरमाच्या वाटेवर. डांबरी रस्त्यावर वाढलेल्या घोट्याला आधी दगडांची ओळख करून द्यावी लागते. रविवारचं अंतर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटरनं वाढवा आणि दर चौथ्या आठवड्याला मागे घ्या.

सहाव्या आठवड्यापासून टेकडी. एक दिवस चढाच्या फेऱ्या, एक दिवस उताराचा (त्याचं पुढे सांगतो), एक दिवस सपाटीवर सैल धावणं आणि रविवारी लांबचं. दहाव्या आठवड्यापासून एकाआड एक आठवडा शनिवार-रविवार जोडून घ्या: शनिवारी टेकडी, रविवारी थकलेल्याच पायांनी लांबचं धावणं. शर्यतीच्या उत्तरार्धात पाय जसे असतात तसे रविवारी सकाळी असतात. ती ओळख आधी झालेली बरी. तेराव्या-चौदाव्या आठवड्यात सगळ्यात मोठा रविवार, आणि शेवटचे दोन आठवडे उतरते.

चढाला चालायचं. यात लाज नाही. उभ्या सोंडेवर धावणारा आणि हात मांड्यांवर दाबून दमदार चालणारा जवळजवळ एकत्रच माथ्यावर पोचतात. फरक एवढाच की पहिल्याला वर पोचल्यावर श्वास शोधावा लागतो. पण हे चालणंही शिकावं लागतं: पाऊल छोटं, टाच टेकलेली, कमरेत न वाकता सगळं अंग पुढे. टेकडीच्या अर्ध्या फेऱ्या अशा चालून काढा.

आपल्याकडे पहाटे धावणाऱ्यांत निम्मी पोरं पोलिस भरतीची असतात, १६०० मीटरच्या वेळेच्या मागे लागलेली. त्यांच्याबरोबर आठवड्यातून एकदा मैदानावर धावायला हरकत नाही, दम सुधारतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य जिंकलं तेव्हापासून या पोरांच्या तोंडी अडथळ्यांचीही भाषा आली आहे. बरं वाटतं. पण त्यांचा वेग टेकडीवर आणू नका.

उतार

लातूरकडचा एक पोरगा मला टेकडीवर रोज बघायचा. एक दिवस न राहवून म्हणाला, "काका, लोकं चढाला पळतेत, तुम्ही उताराला काय पळायलाव?"

सांगतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तो ताणला जात असतानाच वजन पेलतो, ब्रेक लावल्यासारखा. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. गंमत अशी की एकदा अशी झळ बसली की स्नायू काही आठवडे ती लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तितकाच उतार निम्म्यानंही दुखवत नाही. म्हणजे उताराची लस घेता येते, आणि ती घरी बसून घ्यायची असते. शर्यतीत पहिल्यांदा घेतली तर पंधराव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागतात आणि समोर उतार असूनही धावता येत नाही. माझं पहिल्या वर्षी हेच झालं. चढ सगळे काढले आणि शेवटच्या उतारावर आजोबांसारखा आडवा-आडवा उतरलो.

सहाव्या आठवड्यात सौम्य उतारावर ४ फेऱ्या, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांच्या. दुखेल, दुखू द्या. चार दिवस मोकळे सोडा. पुढच्या आठवड्यात ५, मग थोडा उभा उतार, मग मुरूम आणि घसारा (सुटे, घसरणारे दगड) असलेला. शेवटचा जोरदार उतार शर्यतीआधी १० ते १४ दिवस. त्यानंतर नाही.

तंत्र असं: पावलं लहान आणि भराभर. पाय शरीराच्या पुढे फेकून टाचेनं ब्रेक मारायचा नाही, पाय अंगाखाली पडला पाहिजे. अंग मागे टाकायचं नाही, हे मनाला सगळ्यात अवघड. घाबरलं की आपण मागे रेलतो, आणि मागे रेललं की मुरमावर पाय सटकतो. नजर तीन-चार मीटर पुढे. हात सायकलवर तोल सांभाळताना होतात तसे सैल, थोडे बाहेर. घसाऱ्यावर एकेका दगडावर भरवसा ठेवायचा नाही. पाऊल टेकलं न टेकलं तोच उचलायचं.

पावसात रस्ते चिखलाचे असतील तेव्हा घरीच. ओट्यावर उभं राहून एक पाय हळूहळू खाली जमिनीला टेकवायचा, मोजून चार सेकंद घेऊन, आणि परत वर. प्रत्येक पायानं १२ वेळा, तीनदा. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, आठवड्याभरानं डोळे मिटून. घोटा वळण्याचं माझं प्रमाण यानंच कमी झालं.

कोकणच्या जमिनीची एक खोड आधीच सांगून ठेवतो. आपला काळा पाषाण सरळ असतो: एक तर घट्ट, नाहीतर सुटा, दिसतो तसा. जांभा तसा नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या सड्यांवर तो स्पंजासारखा भोकाभोकांचा असतो, कडा धारदार, आणि पावसाळ्यानंतर वाळलेलं गवत ती भोकं झाकून टाकतं. गवताखाली काय आहे माहीत नसेल तर त्यावर पूर्ण वजन टाकू नका. पावसाळी शर्यत असेल तर त्याच कातळावर शेवाळ असतं. तिथे धावायचंच नाही, चालायचं.

घाम

मे महिन्यात आपल्या घरातला कूलर खोली गारठवून टाकतो. तोच कूलर उचलून गुहागरला नेला तर नुसतं ओलं वारं मारेल. माठाचंही तेच. कारण एकच: पाणी वाळताना गारवा देतं, आणि हवा आधीच पाण्यानं भरलेली असली तर ते वाळत नाही. आपलं अंग म्हणजे असाच माठ. इथे ४० अंशांत धावलेला माणूस तिथे २८ अंशांत गळून पडतो. घाम वाळला तर कामाचा. नाकावरून गळला तो फुकट गेला.

त्यामुळे "आम्ही मराठवाड्याचे, ऊन काय नवीन" ही फुशारकी घरी ठेवून या. उन्हाची सवय निम्मी मदत करते, पूर्ण नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात, आणि त्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, नाडी खाली येते. ही सवय इथेच करायची तर दोन वाटा. हिवाळ्यातली शर्यत असेल तर शेवटच्या तीन आठवड्यांत एक-दोन सैल धावणी पहाटेऐवजी दुपारी करा, अंगात एक जास्तीचा शर्ट घालून. किंवा धावून आल्यावर लगेच सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटं बसा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. पावसाळी शर्यतीची तयारी त्या मानानं सोपी: श्रावणात पाऊस उघडून ऊन पडलं की तासाभरात आपल्याकडेही कोंडल्यासारखं होतं. तेव्हा बाहेर पडा.

घाम मोजा. तासभर धावण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. १ किलो कमी झालं तर १ लिटर घाम गेला, मध्ये पाणी प्यायला असाल तर ते त्यात मिळवा. हा आकडा जानेवारीत वेगळा येतो, जुलैत वेगळा. दोन्ही लिहून ठेवा. तेवढं सगळं पाणी परत भरायचं नसतं. बहुतेकांना तासाला ४०० ते ८०० मिली पुरतं, तहान लागेल तसं.

नुसतं पाणी ढोसणं धोक्याचं आहे, आणि हे मी जोर देऊन सांगतो, कारण आपल्याकडे "पाणी पी, पाणी पी" हाच सल्ला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम कमी भरलं, आणि त्यात धावताना वजन वाढलेल्यांचा, म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्यायलेल्यांचा भरणा होता. मळमळ, डोकं जड, बोटं सुजून अंगठी घट्ट, तरी लोक पाणी पाजतच राहतात. पाण्यात मीठ असू द्या. औषधाच्या दुकानातलं ओआरएसचं मोठं पाकीट बहुधा १ लिटर पाण्याचं असतं; पाकिटावर जेवढं पाणी लिहिलं असेल तेवढ्यातच ते घाला. मी पाठीवरच्या पिशवीत एका बाटलीत ओआरएस आणि दुसरीत साधं पाणी ठेवतो, आलटून पालटून.

एका शर्यतीत तिसऱ्या पाण्याच्या ठिकाणी पोचलो तर कॅन रिकामे आणि दोन पोरं फोनमध्ये. पुढचं ठिकाण ६ किलोमीटरवर. वाडीतल्या एका आजींनी कळशीतून बाटल्या भरून दिल्या, वर कोकमाचं सरबत. तेव्हापासून आयोजक काहीही म्हणोत, दीड लिटर माझ्या पाठीवर असतं.

आणि वेगाचा हट्ट सोडा. इथल्या सवयीच्या वेगापेक्षा मी तिथे किलोमीटरमागे अर्धं-पाऊण मिनिट आधीच सोडून देतो. बरोबरचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर शर्यत संपली: सावलीत घ्या, कपडे सैल करा, मिळेल त्या पाण्यानं अंग भिजवा, वारा घाला, आणि ते करता करताच १०८ ला फोन.

खाणं

दोन तासांच्या वर धावायचं तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एक मध्यम केळं म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, मोठ्या पेढ्याएवढा गुळाचा खडा म्हणजे २० च्या आसपास. उकडलेले बटाटे मीठ लावून न्या, दमट हवेत गोडाचा वीट आला की तेच घशाखाली उतरतात. शेंगदाण्याची चिक्की इथे कुरकुरीत असते, तिथे दोन तासांत कागदाला चिकटते. राजगिऱ्याचा लाडू कोरडा, धापा टाकताना ठसका लागतो. जेल (पुडीतला गोड, घट्ट पाक) घेणार असाल तर रविवारच्या धावण्यात चार वेळा घेऊन पोट काय म्हणतं ते बघा.

आदल्या दिवशी साधा वरणभात. घरून आईनं दिलेले धपाटे प्रवासात खा, रात्री नको. तेल आणि तिखट पहाटे पाचला हिशोब मागतात. सुरमई आणि सोलकढी शर्यत झाल्यावर.

बूट आणि बाकीचं

बुटांवर लोक तासन् तास बोलतात, मी दोन ओळींत आटोपतो. तळाला ४-५ मिलिमीटरचे दाते हवेत, पुढे अंगठ्यासमोर बोटाच्या रुंदीची जागा हवी (उतारावर नखं काळी पडतात ती जागा नसल्यामुळे), आणि शर्यतीआधी किमान ८० किलोमीटर त्यात झालेले हवेत. मोजे सुती नकोत. जांघेत, काखेत आणि टाचांना व्हॅसलीन भरपूर. खारट हवेत आणि न वाळणाऱ्या घामात कातडी सोलते ती अंघोळीला बसल्यावर कळते.

पिशवीत शिट्टी, पट्टी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोन, पहाटेची सुरुवात असेल तर डोक्यावरची बॅटरी. सेंट, अत्तर, वासाचं काहीही लावू नका, कड्यांवर आग्या मोहोळं असतात. कोकणातल्या कातळावर फुरसं सापडतं, वीतभर दिसलं तरी विषारी. बसताना, टेकताना दगडांच्या फटीत हात घालू नका. चावलंच तर कापणं-बांधणं नाही, हालचाल थांबवून सरळ रुग्णालय.

भरती-ओहोटी, पंचांगावरून

मार्गात पुळणीचा भाग असेल तर हे बघावंच लागतं. ओहोटीला पाण्याकाठची ओली वाळू डांबरासारखी टणक असते. भरतीला तीच जागा पाण्याखाली जाते आणि तुम्हाला वरच्या भुसभुशीत वाळूतून जावं लागतं, तिथे एक किलोमीटर दोनसारखा. कोकणातला जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. त्याच्या आगेमागे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या पहाटे सहाला निघणाऱ्याला रुंद, घट्ट पुळण मिळते, अष्टमीच्या पहाटे निघणाऱ्याला नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. आपल्या घरात दिनदर्शिका असतेच, तारीख ठरली की तिथी बघून घ्या. पक्की वेळ छापील भरतीच्या तक्त्यातून.

वाळूत धावायचा सराव इथे कठीण. गोदावरीच्या पात्रात जिथे वाळू अजून शिल्लक आहे तिथे दोन-तीनदा जाऊन या, पोटऱ्यांना कल्पना येते.

पोचणं

संभाजीनगरहून अहिल्यानगर, पुणे, ताम्हिणी, माणगाव असा रस्ता, किंवा रेल्वेनं मुंबईकडे जाऊन पनवेलहून कोकण रेल्वे. कसंही गेलात तरी दिवस जातो. रात्रभर बसमध्ये बसून थेट सुरुवातीच्या रेषेवर उतरणारे आपल्याकडचे पुष्कळ. सुजलेले पाय आणि न झालेली झोप घेऊन कोणाला उतार धावता आलेला मी पाहिला नाही. एक दिवस आधी दुपारपर्यंत पोचा. संध्याकाळी वीस मिनिटं सैल चाला आणि तेव्हाच समुद्र पोटभर बघून घ्या. खरंच, हा तयारीचा भाग आहे.

बिब (छातीवर लावायचा नंबर) घेताना दोन गोष्टी विचारा: वाट दाखवायला बांधलेल्या फितींचा रंग कोणता, आणि कट-ऑफ मध्ये कुठेकुठे आहेत. मार्गाची जीपीएक्स फाईल (नकाशावरची डिजिटल वाट) घड्याळात आणि फोनमध्ये दोन्हीकडे घ्या, खाड्यांच्या बाजूला नेटवर्क जातं.

शर्यतीच्या दिवशी

पहिले दोन किलोमीटर सगळे पुढे जातील. जाऊ द्या. पहिल्या चढाच्या पायथ्याशी तुम्हाला अजून बोलता येत असेल तर वेग बरोबर.

पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, अंगाला बरा वाटतो. सकाळ चढली की तो पडतो आणि समुद्रावरचा वारा सुरू व्हायला वेळ लागतो. त्या मधल्या वेळात, बहुधा नऊ-दहाच्या सुमाराला, झाडांत कोंडल्यासारखं होतं. ते आपलं आजारपण नाही, हवेचं आहे. तेवढा वेळ चाला, टोपी भिजवा, खा. पुढच्या सड्यावर वारा भेटतो.

पाचेक मिनिटं फीत दिसली नाही तर थांबा आणि शेवटची फीत होती तिथपर्यंत परत या. सड्यावर ढोरवाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि सगळ्या खऱ्या वाटतात. "पुढे दिसेल" म्हणून मी एकदा दीड किलोमीटर जास्तीचा धावलो आणि एका काजूच्या बागेत निघालो. बागवाल्यांनी वाट दाखवली, कुत्र्यानं वेग वाढवला.

वाडीतून जाताना चाला, गुरं समोर आली तर त्यांना आधी जाऊ द्या. कागद खिशात.

समुद्र दिसला की पाय थांबवा, मग मान वळवा. याच क्रमानं.

नंतर

रेषा ओलांडल्यावर दहा मिनिटं चालत राहा, मग काहीतरी खारट आणि थोडं गोड. आता येतो सगळ्यात मोठा मोह: समोर पाणी, अंगात आग. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभे राहा, बसा, पाय गार करा. त्यापुढे जाऊ नका. आपल्यापैकी बहुतेकांना विहिरीत पोहता येतं, पण विहिरीत ओढ नसते. पाय रिकामे झालेले, पोटरीत गोळा यायच्या बेतात, आणि पुळण कुठे खोल होते ते फक्त तिथल्या माणसाला माहीत. त्याला विचारा, तो नाही म्हणाला तर नाही.

परतीच्या बसमध्ये दर दोन तासांनी उतरून चाला. पुढचे चार-पाच दिवस धावणं नाही, दुसऱ्या रविवारी सपाटीवर सैल अर्धा तास.

बूट मात्र घरी पोचल्या रात्रीच गोड्या पाण्यात बुडवा, सकाळवर ढकलू नका. मिठानं शिवण कडक होते आणि वाळू डिंक कुरतडते. लेस आणि आतला तळ वेगळा काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा. जांभ्याची तांबडी माती तीन पाण्यांत निघते. मोज्यांची निघत नाही, ते पुढच्या शर्यतीला तसेच न्या.